माझ्या कोपराच्या मापाचा ओटा

मागच्या वर्षी दिवाळीच्या फराळात माझा उजवा खांदा असा धरला की चकल्यांचे शेवटचे दोन घाणे ह्यांनी काढले. मी शाळेत शिकवते, रोज फळ्यावर लिहिते, म्हणून घरात सगळ्यांनी खडूला दोष दिला. मलाही तेच वाटायचं. जानेवारीत शेवटी एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि विचारलं, "फळ्यावर दिवसाला किती वेळ लिहिता?" सगळं धरून अर्धा तास, मी म्हटलं. "आणि गॅससमोर किती वेळ उभ्या असता?" मनातल्या मनात मोजलं. सकाळचे तीन डबे, आईंचं दहा वाजताचं जेवण, संध्याकाळचा चहा-नाश्ता, रात्रीच्या पोळ्या. बेरीज साडेतीन तासांच्या खाली येईना. "मग ओटा किती उंच आहे तुमचा?"

त्या ओट्यापुढे मी २१ वर्षं उभी आहे आणि त्याची उंची मला माहीत नव्हती.

घरी आल्यावर चहा टाकायच्या आधी टेप काढली. ओटा ३५ इंच. त्यावर गॅसची शेगडी ५ इंच. शेगडीवर कढई, तिचा काठ आणखी ५ इंच. म्हणजे भाजी परतताना माझा सराटा जमिनीपासून ४५ इंचांवर चालतो. माझी उंची ४ फूट ११ इंच आहे. भिंतीला टेकून उभी राहिले, ह्यांनी खांद्याशी पेन्सिलची रेघ मारली, ती निघाली ४८ इंचांवर. तीन इंचांचा फरक! रोज इतके तास मी हात जवळजवळ खांद्याएवढा वर उचलून धरत होते आणि औषध खडूवर शोधत होते.

नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरचं हे घर आम्ही तयार घेतलं. आधीच्या घरमालकीणबाई चांगल्या उंच होत्या, ओटा त्यांच्या सोयीचा असणार. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याआधी महाल भागातल्या वाड्यात राहायच्या. तिथे त्यांचा सगळा सैपाक खाली बसून. पाटावर बसायचं, पायाखाली विळी, हाताशी पाण्याचा गुंड. उंच ओटा त्यांनी या घरात पहिल्यांदा वापरला आणि "नवीन घरचं असंच असते" म्हणून चालवून घेतलं. मी सून म्हणून आले, मीही चालवून घेतलं. जेवण मीठ-तिखट पाहून करणाऱ्या आम्ही दोघी, पण जिथे उभं राहून ते करायचं ती जागा आपल्या अंगाला बसते का, हे कधी पाहिलं नाही.

ओटा बदलायचाच, असं ठरलं. आधी एका मॉड्यूलर किचनच्या शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलाने अर्ध्या तासात संगणकावर आमचं स्वयंपाकघर उभं करून दाखवलं. चकचकीत लाल शटर, वर काचेची कपाटं, कोपऱ्यात फुलदाणी. अंदाज २ लाख ४० हजारांचा. नंतर माप घ्यायला माणूस आला. त्याने भिंती मोजल्या, खिडकी मोजली, दाराची चौकट मोजली. माझ्याकडे काही टेप वळली नाही. ओटा किती उंच घेणार म्हटलं, तर म्हणाला, "३४ मॅडम, स्टँडर्ड आहे." ३५ चे ३४. एका इंचासाठी मी एवढे पैसे मोजणार होते. त्यांना नम्रपणे नाही कळवलं.

इथून पुढचं सगळं ह्यांच्यामुळे झालं, हे मला मनापासून सांगायचं आहे. हे हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात उत्पादन विभागात आहेत. यंत्रावरचा कामगार किती वेळा वाकतो, किती वेळा वळतो, वस्तू कुठून उचलतो, याचा अभ्यास त्यांच्या रोजच्या कामात असतो. एका रविवारी त्यांनी पुठ्ठ्यावर आमच्या स्वयंपाकघराचा नकाशा काढला, खोली १० फूट बाय साडेआठ फूट. गॅस, सिंक, फ्रिज, कणकेचा डबा, तिखट-मिठाचा डबा, भांड्यांचं कपाट, अशा जागांवर टाचण्या टोचल्या. सोमवारी सकाळी सहापासून हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसले. मी जिकडे जाईन तिकडे ते टाचणीला दोरा गुंडाळत गेले. कारखान्यात याला स्ट्रिंग डायग्राम म्हणतात.

साडेसातला पुठ्ठा माझ्या हातात दिला. गॅस आणि भांड्यांच्या कपाटामध्ये दोऱ्याचा जाड पट्टा झाला होता. दोरा मोजून मापाने गुणला तर साधारण साडेपाचशे फूट भरला. पण मला हलवून गेला तो पुठ्ठ्याच्या कडेचा हिशेब. दोऱ्यात चालणं दिसतं, वाकणं दिसत नाही, म्हणून मी गुडघ्याच्या खाली हात घातला की ते एक रेघ मारत होते. दीड तासात ३१ रेघा. खालच्या कडप्प्याच्या फळ्यांवर मागे ठेवलेला गंज, म्हणजे पातेलं, काढायचा तर उकिडवं बसून डोकं आत घालायचं, तेव्हा हाती लागतो. मला ते काम वाटतच नव्हतं.

त्या संध्याकाळी ह्यांनी गिलब्रेथ नवरा-बायकोची गोष्ट सांगितली. फ्रँक गिलब्रेथ अमेरिकेत गवंडीकाम करायचे. गवंडी प्रत्येक विटेसाठी खाली वाकतो हे त्यांनी पाहिलं आणि कामाबरोबर वर-खाली करता येईल अशी पहाड, म्हणजे गवंड्यांची परांची, बनवली, विटा कमरेच्या उंचीवर येतील अशी. १९२४ मध्ये ते वारले. त्यांच्या पत्नी लिलियन यांनी तीच नजर पुढे स्वयंपाकघराकडे वळवली. ऐकताना मला राहून राहून वाटलं, विटेसाठी वाकणं कुणाला तरी दिसलं, गंजासाठी वाकणं आमच्या घरात इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही.

स्वयंपाकघर म्हटलं की गॅस, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण सगळे सांगतात. १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात ही कल्पना मांडली गेली. त्रिकोणाची एकेक बाजू ४ ते ९ फूट आणि तिन्ही मिळून २६ फुटांच्या आत, असा तो हिशेब. मी मोजला. आमचा त्रिकोण आधीपासूनच त्यात बसत होता. आपल्या फ्लॅटमधल्या आणि लहान घरांतल्या खोल्याच एवढ्या असतात की तो बहुतेकांचा बसेल. म्हणून मी त्रिकोण सोडला आणि उंची धरली.

उंचीचा हिशेब कोपरापासून करायचा. सरळ उभं राहून हात काटकोनात दुमडला की कोपर जमिनीपासून किती वर येतो ते मोजायचं. माझा साडेसदतीस इंच. चिरणं-निवडणं यासाठी ओटा कोपराच्या ४ ते ६ इंच खाली हवा. जोर लावायचा असेल, म्हणजे कणीक मळायची, पोळ्या लाटायच्या, तर आणखी खाली, कारण तिथे नुसते हात पुरत नाहीत, वरून अंगाचा भार द्यावा लागतो. शेगडीच्या जागी तिची स्वतःची उंची आणि भांड्याची उंची वजा करायची. आणि सिंक मात्र वर हवं. भांडी काठावर घासत नाही आपण, ८-९ इंच खोल तळाशी घासतो.

कागदावरच्या आकड्यांवर माझा भरवसा बसेना. म्हणून जेवणाच्या टेबलावर, विटांवर आणि फळीवर वेगवेगळ्या उंच्या करून मी खरोखर पोळ्या लाटल्या. चार दिवस, रोज एक उंची. ३५ वर खांदे कानाकडे जात होते, ते तर रोजचंच. ३२ वर बरं वाटलं, पण पोळीची कड पातळ करताना टाचा उचलल्या जात होत्या. मी टाचा उचलते हे मला आईंनी दाखवलं, त्या शेजारी खुर्चीवर बसून पायांकडे पाहत होत्या. फळी २८ वर घेतली. पोळपाटाचे पाय २ इंचांचे, म्हणजे लाटण्याची जागा ३० वर आली. त्या दिवशी लाटणं आपोआप फिरलं. पोळी स्वतःच गोल गोल वळत राहिली, मनगटाला काही करावंच लागलं नाही. १८ पोळ्या झाल्या तरी खांद्याची आठवण नव्हती.

मग सगळं जुळत गेलं. पोळ्या गॅसशेजारीच लाटतो, तर दोन्ही २८ वर. शेगडी धरून ३३ होते, कढईत वरून दिसतं. चिरायची जागा ३२ वर. आणि सिंक? ते ३५ वर होतंच. साऱ्या ओट्यात तेवढीच जागा माझ्या मापाची निघाली! नळाची जोडणी फोडायची गरज उरली नाही. ह्यांची उंची ५ फूट ८, तेही रविवारी रस्सा करतात. त्यांना कांदे चिरायला सिंकशेजारचा ३५ चा तुकडा चांगला. गॅस त्यांना खाली पडतो हे खरं, पण आठवड्यातून एक दिवस आणि सहा दिवस यांत सहा दिवसांचं पाहिलं.

मिस्त्रींना हे समजावणं सोपं नव्हतं. "ताई, एका ओट्याले तीन-तीन उंच्या? लोक म्हणतीन मिस्त्रीले लेवल नाही काढता आली." मी पोळपाट आणून फळीवर लाटून दाखवलं. ह्यांनी विटांची, पहाडीची गोष्ट सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "हे तं खरं आहे जी. विटा खाली असल्या तं संध्याकाळपर्यंत कंबरडं जाते." त्यानंतर त्यांनी एकदाही वाद घातला नाही. लकडगंजातून प्लाय आणायलाही तेच सोबत आले. सिंकखालच्या कपाटाला पाण्यात टिकणारा ७१० नंबरचाच प्लाय घ्या, बाकी ठिकाणी हात आखडला तरी चालेल, हा सल्ला त्यांचाच.

एक मोठी चूक मात्र आमच्याच हातून होणार होती. सिलिंडर शेगडीखाली ठेवायचं, हे इतकं गृहीत होतं की कुणी मोजलंच नाही. ग्रॅनाइट कापायला द्यायच्या आदल्या रात्री ह्यांना आठवलं. २८ इंचांतून वरचा ग्रॅनाइट आणि त्याखालचा कडप्पा वजा केला, तर रेग्युलेटर लावलेलं सिलिंडर आत सरळ उभं राहीना आणि बटण फिरवायला वर हात जाईना. सिलिंडर आडवं ठेवता येत नाही. शेगडीही सिलिंडरपेक्षा वरच असावी लागते. मग ते ३२ च्या भागाखाली सरकवलं, नळी दीड मीटरच्या आत बसते ना ते पाहिलं आणि त्या कपाटाच्या दाराला अगदी तळाशी जाळी बसवली. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, त्यामुळे जाळी वर ठेवून उपयोग नाही. एका रात्रीने वाचलो.

दुसरी चूक होऊन गेली. तीन उंच्या म्हणजे दोन पायऱ्या, आणि पायरीची ग्रॅनाइटची धार पहिल्यांदा तशीच काटकोनात राहिली. दुसऱ्याच दिवशी माझ्या हाताला चांगलं खरचटलं. मशीन परत आणून कड गोल करून घ्यावी लागली, आणि चार दिवस सगळ्या घरावर दगडाची पांढरी भुकटी. उंच्या वेगळ्या करणार असाल तर गोल कड कापतानाच सांगा. गरम गंज सरकवत सिंकपर्यंत नेता येत नाही, उचलावाच लागतो, हेही आधी समजून घ्या. भात मी आता शेगडीशेजारीच निथळते.

खालची दारं काढून सगळीकडे ट्रॉल्या केल्या. पूर्ण बाहेर येणारे चॅनेल घेतले, तिथे पैसे वाचवले नाहीत. मागचा गंज आता वरून दिसतो. गुडघा ते खांदा या पट्ट्यात फक्त रोजचं, असा एकच नियम आम्ही केला. कणकेचा डबा, तिखट-मीठ, तेल, तवा, कढया त्या पट्ट्यात. गव्हाच्या कोठीला चाकांची पाटी केली. कुरडया, पापड, सरगुंडे, दिवाळीची मोठी कढई माळ्यावर. वरची कपाटं ओट्यापासून १८ इंचांवर सुरू केली आणि दोनच फळ्यांची ठेवली. तिसऱ्या फळीवर माझा हात पोचत नाही, ती कशाला करायची? तळाशी पाऊल आत जाईल अशी ४ इंच उंच, ३ इंच खोल खाच सोडली. ही खाच अगदी साधी वाटते, पण तिच्यामुळे ओट्याला पोट टेकवून सरळ उभं राहता येतं. आधी पाय मागे आणि अंग पुढे असं उभं राहत होते.

आईंची गोष्ट वेगळी लिहायला हवी. त्या ७६ वर्षांच्या आहेत, गुडघे गेले आहेत. बोलणी चालू असताना एकदा त्या म्हणाल्या, "मले खाली बसता येत नाही, जास्त उभंही राहता येत नाही. मंग मी काय नुसती हॉलमधून पाहत राहू?" मला फार लागलं ते. नकाशात सगळं माझ्याच मापाचं होतं. मग दाराजवळच्या भिंतीला २५ इंचांवर एक सरकती फळी काढली, खाली घडीचा पाय, समोर पाठीची खुर्ची. त्यांची विळी आम्ही तिथे ठेवून पाहिली, तर ती सरकायला लागली. जन्मभर त्यांनी विळी पायाने दाबून धरली, इथे पाय कुठून येणार? मिस्त्रींनी फळीच्या कडेला सागाची एक पट्टी ठोकली, विळीचा पाट तिच्यात अडकतो आणि हलत नाही. आता बाजारातून आणलेल्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या त्या तिथे सोडतात. एकेक काडी उजेडाकडे धरून पाहायची, पिवळं पान बोटाने खुडायचं, देठ एका बाजूला चटणीसाठी. कोहळ्यासारखं कठीण काही असलं तर मी चिरते. बाकी पालेभाजी सगळी त्यांची.

उजेडही त्यांच्यामुळेच नीट झाला. जुनी ट्यूब आमच्या पाठीमागे होती, त्यामुळे तांदूळ निवडताना ताटात स्वतःचीच सावली. काळ्या ग्रॅनाइटवर तर काहीच दिसायचं नाही. वरच्या कपाटांच्या तळाला पुढच्या कडेशी एलईडी पट्टी लावली, आईंच्या फळीवर वेगळा दिवा.

आणि नागपूरचा उन्हाळा. खिडकी पश्चिमेला आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, संध्याकाळी पाचला भिंत हात लावू देत नाही. पंखा लावला तर गॅस फडफडतो. कूलर स्वयंपाकघरात ठेवला तर तेच, वर जागाही जाते. कूलरची हवा बाहेर जायला वाट मिळाली तरच तो थंडावा देतो, नाहीतर खोली नुसती दमट होते. म्हणून हॉलचा कूलर ही आमची हवा आत येण्याची जागा ठरवली आणि स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीत वर १२ इंची एक्झॉस्ट ही बाहेर जायची. कूलरची हवा दारातून येते, आमच्या पाठीवरून जाते आणि फोडणीची वाफ घेऊन वरून निघते. शेगडी दाराच्या सरळ रेषेत न ठेवता उत्तरेच्या भिंतीला घेतली, त्यामुळे ज्योत स्थिर राहते. खिडकीला बाहेरून बांबूची चिक. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, तरीही घाम येतोच, पण या मे महिन्यात मी संध्याकाळच्या पोळ्या डोक्यावर ओला पंचा न घेता केल्या.

सगळं मिळून १ लाख ५५ हजार लागले, काम २४ दिवस चाललं. तेवढे दिवस अंगणात शेगडी मांडून वरण-भात आणि भाजी. खांद्याचे व्यायाम मी अजून करते. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, रात्री कूस बदलताना जाग यायची ती थांबली आहे.

एक काम राहिलं आहे. आई उठताना त्या सरकत्या फळीवर भार देतात, हे मला मागच्या आठवड्यात दिसलं. घडीचा पाय आहे, पण ती फळी त्यासाठी नाही. त्यांना सांगून पाहिलं, सवयीने हात तिकडेच जातो. काल त्यांना खुर्चीवर बसवलं आणि डोळे मिटून उठायला सांगितलं. भिंतीवर हात जिथे टेकला तिथे खडूने खूण केली. जमिनीपासून ३१ इंच. स्टीलची दांडी आणून ठेवली आहे, मिस्त्री गुरुवारी यायचे आहेत.